अंगणातली दुसरी चूल

मिठागर, कच्छ
ता. १८ जानेवारी १९५१

प्रिय दादा,

सहा पायल्या जोंधळ्यासाठी काळूनं घर फोडलं, असं तू परत बोललास म्हणे. वैनीच्या पत्रात आहे, तिनं लपवलेलं नाही. दोन वर्षं तुझं हेच एक वाक्य चाललंय. आता माझंही ऐक. जोंधळा मी मागितला नव्हता, मला रोख पैसे हवे होते, तेव्हा बोलायचंच तर नीट बोल. आणि घर मी एकट्यानं फोडलेलं नाही. अंगणात तीन दगड मी मांडले, हे खरं. पण त्या संध्याकाळी वैनीला, "आयेचं ताट आत वाढू नको, ती धाकट्याकडं जेवते," असं सांगणारा कोण होता? मी दगड मांडले ते मदतीची यादी करणाऱ्या मास्तरांना दाखवायला. त्याची खरोखरची चूल केलीस ती तू.

हे भांडण मी आता उकरून काढणार नव्हतो. पण वैनीनं लिहिलंय की आयेला नऊ दिवस ताप आहे, आणि तापातसुद्धा ती उजाडायच्या आधी उठून अंगणात जाते, त्या तीन दगडांत विस्तव करते आणि मगच येऊन पडते. तू तिला दोनदा उचलून आत आणलंस. तिसऱ्यांदा ती भिंत धरून बाहेर गेली, तेव्हा तू चिडलास आणि माझ्या नावानं ते बोललास. तुझी चीड मला कळते. तुला वाटतं, म्हातारी अजून धाकट्याची बाजू धरून बसलीय, मरेन पण मोठ्याच्या चुलीवर शिजलेलं खाणार नाही असा हट्ट धरलाय तिनं. ते तसं नाही, दादा. कसं आहे ते सांगायलाच मी कागद घेतलाय, पण एकदम सांगायला होत नाही. पहिल्यापासून लिहितो. तू तुझ्या बाजूनं सांगतोस, वैनी मधल्यामध्ये सांगते, माझ्या बाजूनं अजून कुणी सांगितलेलं नाही.

वैनी, तू हे वाचून दाखवशील तेव्हा मधलं गाळू नकोस. मागल्या पत्रात मी दादाला जे काय लिहिलेलं ते तू गाळलंस हे मला कळलं, कारण त्याचं उत्तर फार गोड आलेलं. या वेळी सगळं वाच. मी जिथं थांब म्हणेन तिथंच फक्त थांब.

इथलं काय सांगू. दुपारचे दोन तास जेवायला फावडं ठेवतात, तेवढ्यात लिहितोय. चारी बाजूंना पांढरं सपाट, झाड म्हणून नाही. प्यायचं पाणी तीन दिवसांनी पिंपातून येतं, त्याला तेलाचा वास. स्टेशन गाडीनं अर्ध्या दिवसावर आहे, आणि ती गाडी मुकादमाची. बरोबरचा एक काठेवाडी म्हणतो, पळून जायचं तर जा, पण आधी कुठल्या बाजूला पळायचं ते ठरव. सगळीकडे सारखंच दिसतं. ठाण्याच्या खाडीची माणसं बांधाला चांगली, म्हणून मुकादमानं मला घेतलेलं. भरतीला बांधातल्या उघाडीची फळी उचलायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, कोंडीत कोंडायचं, वाळवायचं. आपल्या गावात हेच पाणी शेतात शिरलं तेव्हा बाया ऊर बडवत होत्या. इथं ते शिरलं नाही तर मुकादम माझ्यावर ओरडतो. फळी उचलताना दर वेळी मी आधी मागं वळून बघतो, कुणाचं शेत तर नाही ना. दोन वर्षं झाली तरी बघतो.

कार्तिकातलं ते वादळ तुला सांगायला नको. पण तू एक नेहमी विसरतोस, म्हणून सांगतो. बांधाला खांड पडली तेव्हा बांधावर आपण दोघेच होतो. तू पेंढ्याच्या गुंड्या टाकत होतास, मी चिखल मारत होतो, आणि वाऱ्यानं एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. उघाडीच्या डाव्या अंगाचा दगड हलला तेव्हा तू मला दंडाला धरून मागं ओढलंस. नाही तर मी पाण्याबरोबर थेट घोडबंदरला निघालेलो असतो. मग आपण उभे राहून बघत राहिलो. कापून पसरलेलं राताचं तांबडं भात, पेंढ्यांच्या पेंढ्या, तरंगत आपल्या पायांवरून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच शेतात शेजारच्या पोपटच्या पोरांनी हातहातभर जिताडे मासे धरले. आपल्या वाफ्यात जिताडा. तू त्यांना म्हणालास, न्या रे, पेरलेलं तर नेलंच समुद्रानं, आता उगवलंय ते तुम्ही न्या. तेव्हा आपण हसलेलो. त्यानंतर एका जागी बसून हसल्याचं मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी ठाण्याच्या मदत समितीच्या होड्या आल्या. कुरमुरे, चणे, भाकऱ्या, जुनी धोतरं. मग हरिहर मास्तर आले यादी करायला. चष्म्याला दोरी, वहाणा हातात, बांधावरून घसरत घसरत. फुटलेल्या घरागणिक विचारत होते, चुली किती? माणसं किती असं विचारतच नव्हते. पोपटनं त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "माणसं मोजायला गेलो तर तुम्ही व्याही-जावई सुद्धा उभे करता. चूल उभी करता येत नाही." आणि खरंच ते प्रत्येक चुलीपाशी वाकून राखेला पालथा हात लावून बघायचे, ऊन आहे का गार. चुलीमागे पंचेचाळीस रुपये रोख, घर शाकारायला, आणि तीन महिने महिन्याला सहा पायल्या जोंधळा. पोपट दुपारी माझ्या कानाशी लागला. म्हणाला, "मास्तर माणसाला नाय विचारत रे, राखेला विचारतो. आमच्या तीन झाल्या. तुम्ही दोघं भाऊ एका चुलीवर काय करताय?" त्याच्या दोन चुली सकाळी नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

मी उघाडीकडं गेलो. खांडीत पडलेले काळे दगड होते, त्यातले तीन खांद्यावरून आणले. तू वासे सोडवत होतास, तुला वाटलं मी भिंतीला आणले. आंब्याखाली मांडले, ओला पेंढा आणि शेणी घातल्या, आणि वैनीच्या चुलीतलाच विस्तव आणून पेटवलं. धूर एवढा झाला की मास्तर अंगणात आले ते खोकतच. ही कुणाची, म्हणाले. मी म्हटलं, माझी. ते म्हणाले, "तुझी? लगीन झालंय? नाही ना. मग एकट्या पोराची कसली चूल? रांधतं कोण?" हे मी ठरवून ठेवलेलं नव्हतं. दगड आणताना मी बाकी सगळा विचार केलेला, हा नाही. आये तिथं पाटीत भिजलेलं भात निवडत बसलेली. मी म्हटलं, आये माझ्याकडं असते. मास्तर तिच्याकडं वळले, "आजी, तुम्ही धाकट्याकडं जेवता?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं. तू खांद्यावर वासा घेऊन उभा होतास. ती म्हणाली, "त्याच्याकडं." एवढंच. मास्तरांनी लिहिलं, महिपत, चूल एक. काळुराम, चूल एक, सोबत आई.

तू तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं, दादा. मास्तरांसमोर मला दोन लगावल्या असत्यास तरी चाललं असतं. तू वासा खाली ठेवलास आणि पाय धुवायला गेलास. संध्याकाळी वैनीनं सगळ्यांची ताटं घेतली, तेव्हा तू ते आयेच्या ताटाचं म्हणालास. वैनी हसली, तिला थट्टा वाटली. तू म्हणालास, "माझ्या घरातलं खोटं मी कागदावर राहू देणार नाय. लिहिलंय तसं होऊ दे." मी रागात म्हटलं, होऊ दे. आये आपल्या दोघांकडं बघत होती, आळीपाळीनं, जसं बांध फुटताना आपण पाण्याकडं बघत होतो. मग ती उठली, वैनीकडून टोप घेतला आणि बाहेर आंब्याखाली जाऊन बसली. त्या चुलीवरचं पहिलं जेवण जोंधळ्याचं नव्हतं, समितीचे उरलेले कुरमुरे होते, ते तिनं गरम केले. कुरमुरे गरम करून वाढले तिनं मला. मी खाल्ले.

मग ते चालूच राहिलं. मला वाटलं चार दिवसांत तू निवशील, तुला वाटलं चार दिवसांत मी पाया पडेन. तो तांबडा जोंधळा. आपल्या गावात भाकरी म्हणजे तांदळाची, जोंधळ्याची थापायची कशी ते आयेला येत नव्हतं. तुकडे पडायचे. वैनी आतून बघायची, तिलाही येत नव्हतं. दोघी दोन चुलींवर एकच चूक करत होत्या. आणि रोज सकाळी आयेला विस्तव लागायचा तो वैनीच्याच चुलीतला. ती मागायची नाही. वैनी खापरीत निखारे काढून उंबऱ्यावर ठेवायची आणि आत वळायची, मग आये उचलायची. वैनी, तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे, अजूनही तसंच चालतं.

पुढं पौषात पैसे मिळाले. कळव्याच्या शाळेत रांग लावून. तुझे पंचेचाळीस तुझ्या हातात, माझे माझ्या. तुझ्यातून तू कौलं आणलीस आणि सगळ्या घरावर घातलीस, माझ्या बाजूवरसुद्धा. मी म्हटलं, मी अंगणातल्या चुलीवर घालायला पत्रा आणतो, आयेला दवात बसावं लागतं. तिनं मला डबा बांधून दिला. ठाण्याला बाजारात पत्र्याच्या दुकानासमोर मी तासभर उभा होतो. एक पत्रा घ्यायचा, तो डोक्यावर घेऊन पुलावरून परत यायचं, आंब्याखाली चार खांब ठोकायचे. म्हणजे ती चूल कायमची झाली. म्हणजे मी त्या पत्र्याखाली बसून जेवणार आणि समोर तू दारात बसून जेवणार, आपण म्हातारे होईपर्यंत. माझ्यानं होईना. तिथंच चहाच्या दुकानात मुकादमाचा माणूस खाडीकाठची पोरं जमवत होता. पत्रा राहिला. माझं तिकीट, एक कोट आणि वहाणा झाल्या. उरले ते गाडीत आणि इथं आल्यावर पहिल्या महिन्यात गेले. हे तुला माहीत आहे, गावाला माहीत आहे, पोपट अजून मला पत्रावाला म्हणतो असं वैनीनं लिहिलेलं. त्याबद्दल मी रागवत नाही. बरोबर आहे ते.

पण मला जे माहीत नव्हतं ते तू मला कधी कळवलं नाहीस. गावकीनं खांड बांधायला घेतली तेव्हा चुलीमागे एक गडी धरला. गावकीतले धोंडीबा म्हणाले, मदत दोन चुलींची घेतलीत, मग गडी दोन द्या. मी तर इथं. आये चिखलाची पाटी घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली म्हणे, काळूच्या चुलीचा गडी म्हणून. तू तिच्या हातातली पाटी काढून घेतलीस, आणि सोळा दिवस सकाळी आपल्या चुलीचं आणि दुपारनंतर तिच्या चुलीचं काम केलंस. वैनीनं हे मला आत्ता, या पत्रात लिहिलं. दोन वर्षं मी समजत होतो की तू मजेत आहेस आणि आम्ही दोघं उघड्यावर. शेत अजून खारट, गवतसुद्धा धरत नाही, तू ठाकुर्लीला पॉवर हाऊसवर कोळसा ओढायला जातोस, येताना तोंड धुतोस तरी डोळ्यांच्या कडा काळ्याच असतात, हे गणपतीत मी बघितलं. तरी मला वाटत होतं की जिंकलास तू.

गणपतीचं सांगतो. चार महिने झाले त्याला. पावसाळ्यात स्टेशनाजवळ मुकादमाच्या गोदामात होतो, तिथून तीन दिवस आलेलो. तुला आठवत असेल, पहिल्या दुपारी मी आलो तसा परत बाहेर गेलो आणि तू म्हणालास, याला भावाच्या घरात घास जात नाही. झालं ते असं. वैनीनं आतून हाक मारली, भावजी पान वाढलंय. त्याच वेळी आयेनं आंब्याखालून हाक मारली, तिनंही वाढलेलं. दोन्हीकडं उकडीचे मोदक. मी अंगणाच्या मध्ये उभा राहिलो. इकडं बसलो तर तिकडचं खोटं होतं, तिकडं बसलो तर तू जन्मात बोलणार नाहीस. खाजणातल्या चिखलानं पाय धरावेत तसं झालं. मी म्हटलं, भूक नाही, आणि चालत सुटलो ते कळव्याच्या पुलावर. तिथं एक आण्याचे चणे घेऊन खाल्ले, पुलाच्या कठड्याला टेकून. खाली ओहोटी होती. सणाच्या दिवशी, घरात दोन चुली माझ्यासाठी पेटलेल्या असताना. रात्रीही तसंच केलं, दुसऱ्या दिवशीही. लोकांना काय, लोक म्हणाले, परमुलखात राहून पोराची चाल बिघडली. इथं मुकादमाच्या भटारखान्यात मी कुणाच्याही शेजारी बसून जेवतो. घरीच बसायला जागा नाही.

आता वैनी, इथं थांब. आये ओसरीवर असेल तर तिला ऐकू जाणार नाही अशा जागी दादाला घेऊन जा, विहिरीकडं गेलात तरी चालेल, आणि मग पुढचं वाच.

दादा, मी पत्रा आणायला निघालो त्या सकाळी आये मला अंगणात म्हणाली, "पैसं भेटलं ना आता? झालं ना तुझं? मग मी हे दगड मोडते आन् महिपतला सांगते, चुकलं. आत जेवूया सगळी." तिचा हात दगडावर होता. तिनं त्या दिवशीच ते मोडले असते. आणि मला ते नको होतं. जोंधळ्याचे हप्ते यायचे होते म्हणून नव्हे, जोंधळा गेला चुलीत. ती आत गेली असती तर तू जिंकला असतास, आणि मी सगळ्या गावात खोटा आणि लोभी ठरलो असतो. म्हणून मी तिला सांगितलं की तसं करता येत नाही. म्हटलं, आये, कागदावर लागलेली चूल विझवता येत नाही. समितीची माणसं कधीही येतात, मास्तर राखेला हात लावतो ते तू बघितलंस ना? राख गार लागली तर खोटी चूल दाखवली म्हणून मला धरून नेतील, ठाण्याच्या तुरुंगात घालतील. मी सांगेपर्यंत एक दिवससुद्धा गार पडू देऊ नको, आणि कुणाला सांगू नको, दादाला तर नकोच. ती म्हणाली, बरं. मास्तर असलं काही कधी बोललेले नाहीत. समितीचं माणूस त्यानंतर आपल्या अंगणात एकदाही आलेलं नाही. मी ते उभ्या उभ्या रचलं, डबा हातात घेऊन.

होळीला तू तिच्यासमोर पोळीचं ताट घेऊन गेलास, म्हणालास, आये झालं गेलं, आत चल. तिनं मान फिरवली आणि तू ताट तसंच परत आणलंस. त्या दिवसापासून तुझ्या मनात जे बसलंय ते मला माहीत आहे. ती तुला नाही म्हणाली नव्हती, दादा. ती मला तुरुंगातून वाचवत होती. गणपतीत मी आलो तेव्हा तिनं मला पहाटे उठवून बाहेर नेलं, माझा हात धरून त्या राखेवर ठेवला. म्हणाली, "बघ. दोन वर्सं व्हायला आली, एक दिस गार पडू दिली नाय. पावसात इरलं धरून बसते मी. तुला कोण हात लावतंय ते बघते." राख चांगली ऊन होती. तेव्हा सांगायला हवं होतं. तिचं तोंड एवढं फुललेलं, मी म्हटलं, हो आये. आणि परत इथं आलो. आता ती तापात उठून जाते ती ह्याच्यासाठी. तू तिला उचलून आत आणलंस तेव्हा ती रडली, असं वैनीनं लिहिलंय. तिला वाटलं असेल की आज राख गार पडणार आणि उद्या कच्छमध्ये पोलीस येणार.

तू तिला सांगून उपयोग नाही. तिला वाटेल तू मला धरून द्यायला निघालास. मी लिहिलंय असं सांगूनही उपयोग नाही, तिला वाटेल मी तिची दया येऊन लिहिलं. तिला त्या यादीचं भय आहे, तेव्हा यादी करणाऱ्यानंच सांगायला हवं. तू ठाण्याला हरिहर मास्तरांकडं जा. सांग, काळूची चूल खोटी होती, ही घ्या तिची रोख रक्कम. जोंधळ्याचं तो पुढं फेडेल. आयेच्या नावानं काही बोलू नकोस, तिला मी बोलायला लावलं असं सांग. शिक्षा द्यायची असेल तर माझा पत्ता दे. तुला हे सांगणं जड जाईल, तू आयुष्यात कुणासमोर असा उभा राहिलेला नाहीस, पण तुझ्याशिवाय माझं कोण जाणार? आणि मास्तरांना घरी घेऊन ये. त्यांनी आयेसमोर त्या राखेला हात लावावा आणि मोठ्यानं म्हणावं की आता ही विझली तरी चालेल. यादीतल्या माझ्या नावावर तिच्यासमोर रेघ मारावी. तिला वाचता येत नाही, पण रेघ मारलेली दिसते. मग तिला उचल आणि आत घेऊन जा, आणि तुझ्या चुलीवरची पेज तुझ्या हातानं पाज. दगड उघाडीला नेऊन लाव, डाव्या अंगाला. तिथं नवं काम झालं असेल तर कुठंही टाक. आणि पुढं कधी गावकी चुली मोजायला बसली, तर मला तुझ्या चुलीवर धर.

हंगाम सुटल्याशिवाय मुकादम हातात पैसा ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. मग हे पैसे कुठून आले असं तू विचारशील, आणि खरं काय ते सांगितल्याशिवाय आता माझी सुटका नाही. पावसाळाभर बाकीचे इथून निघून जातात, मिठाच्या राशींवर राखण करायला एक माणूस लागतो. कुणी राहत नाही, कारण सगळीकडं पाणी भरतं आणि चार महिने इथून हलता येत नाही. मी राहतो म्हणून सही केली, म्हणून त्यानं आधी दिले. म्हणजे या वर्षी गणपतीला मी येणार नाही. पुढल्या वर्षी येईन तेव्हा अंगणातून सरळ आत येईन, मध्ये थांबणार नाही. आयेला याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. मी आता तिला काही सांगत नाही.

वैनी, तू निखारे रोज उंबऱ्यावर ठेवलेस, ते मी विसरणार नाही. आता मास्तर येऊन जाईपर्यंतचे तेवढे ठेव.

तुझाच,
काळू

ता. क. मनीऑर्डर दादाच्या नावानं वेगळी निघाली आहे, आठ-दहा दिवसांत पोहोचेल. कुपनावर जागा थोडी म्हणून काही लिहिलं नाही. रुपये पंचेचाळीस.